नोंदवलेल्या नंबरवर

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, चिंगीला एक गालगुच्चा, आणि तुझ्या त्या खोकल्याला माझ्याकडून एक सणसणीत शिवी. औषध घेतोयस का? घेत नसशीलच. बाटली उशाशी ठेवली की खोकला घाबरून जातो असं तुला वाटतं.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. दिवसभर हॉस्पिटलच्या हेल्पडेस्कवर बसून तू डॉक्टरांची आणि नर्सची गाऱ्हाणी ऐकतोस, पासवर्ड विसरलो, स्क्रीन अडकली, प्रिंटर रुसला, आणि घरी आलास की स्वतःचा फोन उशीखाली कोंबतोस. वहिनी म्हणते, सख्खी बहीण मेली तरी ह्यांना तिसऱ्या दिवशी कळेल. पत्र मात्र तू वाचतोस आणि दोन ओळींचं का होईना, उत्तर टाकतोस. तुझ्या आळसाच्या मानाने हे फारच झालं.

नवी खोली बरी आहे. तिसरा मजला, एक खिडकी, खाली शिंप्याचं दुकान. त्याचं मशीन सकाळी सुरू झालं की माझा पलंगही थोडा थरथरतो. घरमालकीणबाई चहा देतात आणि त्या बदल्यात चौकशा करतात. परवा म्हणाल्या, "तू नक्की करतेस तरी काय गं?" मी म्हटलं, "घरफोडी." बाईंच्या हातातली बशी तिथेच थांबली. मग समजावलं, की काकू, कंपन्याच आम्हाला बोलावतात, चोर यायच्या आधी तुम्ही शिरून दाखवा म्हणून. आम्ही त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, कुठून शिरलो ते लिहून देतो, ते भोक बुजवतात. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे चोरच, पण पगारी."

तुला आठवतं, कॉलेजात असताना मी तुझ्याच कॉम्प्युटरचा पासवर्ड तोडला होता? दुसरा कुणी असता तर कानफटात दिली असती. तू खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, "भिंगरे, शिरलीस कशी ते दाखव." मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी तू तुझ्या अख्ख्या ऑफिसला पासवर्ड बदलायला लावलेस. माझी पहिली नोकरी तीच, बिनपगारी. नंतर मी कुठे कुठे शिकले, कुठल्या परीक्षा दिल्या, ते सगळं कागदावर आहे, पण मला हा नाद लावलास तू.

आता खरी बातमी. या वेळच्या कामाची प्रमुख मी आहे! मास्तरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. मास्तर म्हणजे आमचे वरिष्ठ, त्यांनी शाळेत कधी शिकवलेलं नाही, पण आमच्या अहवालांवर लाल पेन चालवतात म्हणून मास्तर. माझ्यापेक्षा जुने चौघे होते, त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. फक्त कोकिळेने मिठी मारली. ती आमच्यातली फोन करणारी. कुणाचाही आवाज काढते, पाच मिनिटांत समोरच्याला आपलंसं करते. तिचं खरं नाव आता तिलाही आठवत नसेल.

काम कुणाचं आहे ते घरीसुद्धा सांगायचं नाही, ही आमची अट. तेव्हा विचारू नकोस.

आणि एक. तुझी रजा साठलीय ना ढीगभर? हे पुढचे काही आठवडे घेऊनच टाक. वहिनीच्या माहेरी जा, झोपा काढ, खोकला घालव. मी एरवी तुला कधी काही सांगत नाही. आता सांगते आहे तर ऐक. ऐकशील ना?

तुझी,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, तार! "रजा नाही. चिंगीची परीक्षा. खोकला बरा." अरे, चिंगी दुसरीत आहे, तिची परीक्षा तू देणार आहेस का? एकदा तरी माझं ऐकलं असतंस.

खाली मात्र चक्क चार ओळी कामाच्या लिहिल्यायस, त्या मी दोनदा वाचल्या. या आठवड्यात हेल्पडेस्कवर विचित्र फोन आले. एक 'डॉक्टर' घाईघाईने पासवर्ड मागत होता. तुझ्या हाताखालच्या पोराने तू शिकवलंस तसं केलं. ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि डॉक्टरांच्या नोंदवलेल्या नंबरवर आपणहून परत लावला. खरे डॉक्टर घरी जेवत होते. मग 'हिशेब विभागातली बाई' आली, तीही तशीच उघडी पडली. साहेबांनी तुला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. शेवटी तुझी मल्लिनाथी: "भिंगरे, तुझ्या धंद्यातले लोक दिसतात. सांग त्यांना, इथे डाळ शिजायची नाही."

अभिनंदन. खरंच. समोरचा रडो, ओरडो, मोठ्या साहेबाचं नाव घेवो, फोन ठेवायचा आणि नोंदवलेल्या नंबरवर परत लावायचा, खरा असेल तर तिथे उचलेल. एवढा साधा नियम, पण मोठमोठ्या कंपन्यांत कुणी पाळत नाही. तू पाळतोस आणि पाळायला लावतोस. तू भलताच पक्का निघालास.

माझं काम अडलंय. फार सांगता येत नाही, पण समोरची माणसं हुशार आहेत. आम्ही जे करतो ते उलटतं. मुदत संपत आलीय आणि ते जुने चौघे माझ्या टेबलावरून जाताना उगाच हसतात. मास्तरांनी काल विचारलं, "प्रमुखबाई, जमणार आहे का, की दुसऱ्या कुणाला देऊ?" मी म्हटलं जमेल. जेवण जात नाही. कोकिळा डबा पुढे सरकवते, मी परत सरकवते.

आज दुपारी उगाच काकांच्या घरचा जिना आठवला. अंधार पडला की दाराला कडी, मग कुणाचा बाप आला तरी उघडायची नाही, हा काकांचा नियम. माझा क्लास लांबला. मी बाहेर, तू आत. तुझा हात कडीवर होता, मला फटीतून दिसत होता. काकांनी नुसतं तुझ्याकडे बघितलं आणि तू हात काढलास. शेजारच्या आजींनी मला आत घेईपर्यंत मी त्या गार पायरीवर बसून होते. मग तो ताप, ते छातीत कफ होणं, ते हॉस्पिटल. तू खाटेपाशी बसून म्हणालास, "परत कुणाला असं बाहेर ठेवणार नाही." बारा-तेरा वर्षांचा असशील. मी ते तुझ्यावर कधीच धरलं नाही, हे तुला माहीत आहे ना? पण तू धरलंस. वहिनी सांगते, सोसायटीतलं कुत्रंसुद्धा दारावर नखं घासायला लागलं की तूच आधी उठतोस.

असो. जुनं कशाला उगाळायचं.

तुझी पाळी हल्ली कोणती? सकाळची की दुपारची? जेवायला उठतोस तेव्हा जागेवर कुणी असतं का, की फोन तुलाच घ्यावे लागतात? खोकल्यात सारखं बोलणं बरं नाही, म्हणून विचारते. लगेच कळव.

तुझी,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

वहिनीचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे निम्मं कळलं, निम्मं मी जुळवलं. तुला घरी बसवलंय, ओळखपत्र काढून घेतलंय, आणि सहा मार्चला चौकशी आहे. "कुणालातरी पासवर्ड बदलून दिला, एवढंच म्हणतात. पुढे एक अक्षर नाही. जेवत नाहीत, चिंगीशीसुद्धा बोलत नाहीत," असं ती म्हणाली.

दादा, मनाला लावून घेऊ नकोस. मी या धंद्यात आहे, मी सांगते, यात तुझी चूक नाही. भलेभले फसतात. फोन करणारे लोक तयारीचे असतात, त्यांना कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक असतं. जिन्यात बसून रडणाऱ्या नर्सला, आत बाळाचं सलाईन संपत आलंय म्हणणाऱ्या बाईला, 'नियमात बसत नाही' असं सांगायला माणसाचं काळीज दगडाचं हवं. तुझं नाही. एवढाच तुझा गुन्हा.

चौकशीत शांत राहा. तूच होऊन साहेबांना जाऊन सांगितलंस, असं वहिनी म्हणाली, ते ठासून सांग. लपवलं नाहीस हे फार महत्त्वाचं आहे. कुणाला दोष देऊ नकोस, स्वतःलाही नाही. वकील लागला तर मी बघते.

मला लगेच येता येणार नाही. इथे एका कामाचा अहवाल पुरा करायचा आहे. ते काम झालं, हो. झालं शेवटी. मास्तर खूश आहेत.

जेव रे वेळेवर. चिंगीला जवळ घे. आणि असा गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास की मला भीती वाटते.

घाईत,
भिंगरी


५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. "जिन्याचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. तुला कसं कळलं?"

दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. कोण कुठे जास्तीचं बोलून गेला, कुणाच्या तोंडून नको ते निसटलं, हे मी रोज वेचत असते. आणि तुझी समजूत काढायला बसले, तर स्वतःच निसटून गेले. बरं झालं. तू विचारलं नसतंस तर मी आयुष्यभर तुझं सांत्वन करत राहिले असते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: तो फोन आमचा होता. काम तुझ्या हॉस्पिटलचं होतं. ती रडणारी नर्स कोकिळा होती, आणि ती जे जे बोलली ते मी लिहून दिलं होतं.

आता पुढचं वाच. हवं तर उभ्याने वाच, पण शेवटपर्यंत वाच.

हे काम आलं त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "या ठिकाणी कुणाचं सख्खं, चुलत, ओळखीचं कुणी आहे का? असेल तर आत्ता बोला. तो माणूस या कामात नको." हा आमचा पहिला नियम आहे. ओळखीच्या घरात शिरायचं नाही, कारण ओळखीच्या घरात शिरायला हुशारी लागतच नाही. मी माझ्या पेनाचं टोपण काढत-घालत बसले. पहिल्यांदा माझं नाव वर लागलं होतं दादा. मनात म्हटलं, त्याला रजेवर पाठवते, तो तिथे नसलाच तर प्रश्नच मिटला. पहिलं पत्र त्यासाठी होतं.

तू गेला नाहीस. तुझ्या पोरांनी आमचे फोन एकामागोमाग उलटवले. आमच्या खोलीत स्पीकरवर ऐकत होतो आम्ही. पोरगा काय गोड म्हणाला, "सर, मी तुम्हाला परत फोन करतो हं." मला हसू आलं, अभिमान वाटला. ते चौघे माझ्याकडे बघून हसले तेव्हा अभिमान गेला. आणि मग तुझं ते पत्र. डाळ शिजायची नाही म्हणे! खरं सांगते, त्या ओळीने मला राग आला. लहानपणी कॅरममध्ये तू जिंकायचास आणि मग शेवटची सोंगटी मुद्दाम सावकाश घालायचास, तसा राग.

मास्तर म्हणाले होते, तिथला सगळ्यात पक्का माणूस शोधा, तो कुठे हलतो ते शोधा. बाकीच्यांना ते शोधायला महिने लागले असते. मला फक्त आठवायचं होतं.

दुसरं पत्र काढ. जिन्याची आठवण मला 'उगाच' आली असं मी लिहिलंय. आणि खाली तुझी पाळी विचारलीय, एकटा कधी असतोस ते विचारलंय, वर खोकल्याचं निमित्त. लिहिताना माझं मलाही कळलं नाही, असं म्हणण्याची सोय आहे. पण कळलं होतं. तू त्या वेळी पहिल्यांदाच उलट टपाली उत्तर धाडलंस. "दुपारची पाळी. जेवायला पोरं आधी जातात, तेव्हा मीच असतो. खोकल्याची एवढी काळजी नको, वेडे." तो कागद मी शेजारी ठेवला आणि संवाद लिहायला घेतला.

बालरुग्ण विभागातली नवी नर्स. लॉगिन बंद पडलंय, लॉगिनचंच कार्ड लावून उघडणारं दारही बंद पडलंय. आत बाळाचं सलाईन संपत आलंय, पुढचं किती द्यायचं ते कॉम्प्युटरमध्ये. परत फोन करता येणार नाही, कारण विभागातला फोन दाराच्या आत आणि ती बाहेर, जिन्यात. सगळे म्हणतात नियम, नियम. तुझा नियम कुठे तुटेल ते मला बाहेरून शोधावं लागलं नाही.

कोकिळा वाचून म्हणाली, "हे कुठून सुचलं गं तुला?" मी म्हटलं, सुचलं.

दुपारी फोन लावला. टेबलावर बिस्किटं होती, एक जण पंखा कमी करायला उठला. तू उचललास. तिने सुरुवात केली तेव्हा तू अगदी तुझ्या शिकवणीप्रमाणे म्हणालास, "ताई, मी ठेवतो आणि विभागात परत लावतो." ती म्हणाली, "फोन आत आहे हो दादा. मी जिन्यात बसलेय. कुणी उघडतच नाही." 'दादा' हा शब्दसुद्धा मीच लिहिला होता.

मग तू खोकलास. तो खोकला ऐकून मी फोनची तार उपटायला हवी होती. हात टेबलावर होता, तार हाताशी होती. मी काही केलं नाही. आणि तू म्हणालास, "असं जिन्यात नका बसू. रडू नका. मी आहे ना, मी उघडतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दादा.

तू बदलून दिलेल्या पासवर्डने आम्ही आत शिरलो. आता काही आठवडे आत राहायचं, कुणाला पत्ता लागतो का बघायचं, असा बेत होता. बहुतेक ठिकाणी महिनोन् महिने लागत नाही. तुझ्याकडे त्याच दिवशी, आमची बिस्किटं संपायच्या आत, आमचा रस्ता बंद झाला. का, ते मला नंतर कळलं. तू पाच मिनिटांनी विभागात फोन लावलास. संशय आला म्हणून नाही. बाळाला सलाईन लागलं का, ते विचारायला. तिथली सिस्टर म्हणाली, असं कुठलं बाळ इथे नाही, अशी कुठली नर्स नाही. तू तसाच उठून साहेबांकडे गेलास आणि म्हणालास, माझ्या हातून झालंय, आधी ते खातं बंद करा.

ज्या बाळासाठी तुझा जीव कासावीस झाला, ते मी कागदावर जन्माला घातलं होतं.

कोकिळेने मला संध्याकाळी विचारलं, "माणूस भला होता गं. त्याला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, अहवालात आपण नाव घालत नाही. नाही घातलं. तुमच्या साहेबांना मात्र नावच हवं होतं. ते म्हणाले, "एकाला धडा शिकवला की बाकीचे सरळ होतात." आणि नाव तर तू स्वतःच दिलं होतंस.

तुझी ती एक ओळ आली त्या सकाळी मी मास्तरांच्या खोलीत गेले. उभ्यानेच सांगितलं. ते लाल पेन हातात घेऊन ऐकत होते.

"मी विचारलं तेव्हा मूग गिळून बसलीस?"

"हो."

"आणि त्याची पाळी कुठून कळली?"

"पत्रातून."

"कुणाच्या?"

"त्याच्याच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "असली माणसं आपण पकडून देतो, पोरी. कामावर ठेवत नाही." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. मी माझं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. आपली दोघांची ओळखपत्रं एकाच कारणाने गेली, फक्त तुझं चुकून गेलं.

मास्तरांनी त्याच दिवशी तुमच्या व्यवस्थापनाला कळवलं, की ही चाचणी धरता येणार नाही. घरातली माहिती वापरून केली, आमच्याच नियमाबाहेर केली. साहेबांचं उत्तर आलंय: "चाचणी कशीही असो, दार त्याने उघडलं." म्हणजे तुझी नोकरी अजून टांगणीलाच आहे. उद्याच्या चौकशीत मास्तर येणार आहेत. मीही येणार आहे. मी काय सांगणार ते आधी तुला सांगते, म्हणजे तिथे ऐकून दचकायला नको.

सांगणार आहे, की हा डाव याची बहीण सोडून कुणालाही जमला नसता. आमचे आधीचे सगळे फोन याच्या नियमाला डोकं आपटून परत आले, त्याच्या नोंदी तुमच्याकडेच आहेत. आणि हे, की दार उघडणारी माणसं पुष्कळ असतात, उघडल्यावर पुन्हा जाऊन बघणारा आणि चुकलं म्हणून स्वतः सांगणारा माझ्या अख्ख्या नोकरीत हा एकच भेटला. याला काढलंत, तर उद्या ज्याच्या हातून चूक होईल तो ती झाकून ठेवेल, आणि मग खरा चोर तुमच्याकडे वर्षभर राहील. हे ऐकून ते काय करतील, माहीत नाही. साहेब हट्टी दिसतात. माझं पुढे काय, ते तू विचारू नकोस. आमच्या धंद्यात हुशारी कमी पडली तर चालतं, पत गेली की संपलं. शिंप्याच्या वरची खोली आहे अजून, बाकी बघू.

तू माफ कर असं मी म्हणत नाही. मला म्हणता येत नाही. जिन्यावरचं मी तुझ्यावर कधी धरलं नाही असं त्या पत्रात लिहिलं होतं, ते खरं होतं, आणि तेच मी गळाला लावलं. आता माझ्या खऱ्या बोलण्याचं तरी तू काय करणार?

हे पत्र पोस्टात टाकलं तर उद्याच्या आत पोचणार नाही, म्हणून घेऊनच आलेय. थोड्या वेळाने तुझ्या दाराखालून सरकवेन. बेल वाजवणार नाही. तिथे थांबणारही नाही. आधी वाटलं होतं, जिन्यातच बसावं. मग लक्षात आलं, की तू काय करशील ते मला ठाऊक आहे. तो गळ एकदा टाकून झाला. मी खाली उतरून रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानासमोर बाक आहे तिथे बसेन.

तेव्हा या वेळी तुझा नियम पाळ. पत्र वाचून लगेच दार उघडू नकोस. खाली धावू नकोस. हे लिहिणारी तुझी बहीण आहे यावर नुसतं अक्षर बघून विश्वास ठेवू नकोस, रडली म्हणून तर मुळीच नको. समोरच्याचं ऐकून घेतलंस, आता ठेव. जेव. चिंगीला झोपव. मग वाटलं, तरच, तुझ्याकडे आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर तू होऊन फोन लाव. नंबर बदललेला नाही. लावला नाहीस तरी मी उद्या तिथे असेन, त्याचा याच्याशी संबंध नाही.

फोन माझ्या हातात आहे. पहिल्या घंटेला उचलेन.

ओळख पटली तर तुझी,
भिंगरी